अबोल्याचा गृहपाठ

शुक्रवारी शाळा सुटली की आमची कन्या दप्तर पाठीवर आणि चिठ्ठी हातात घेऊन दुकानात शिरते आणि मी हातातली हातोडी खाली ठेवते. चिठ्ठीवर त्या आठवड्याचा उपक्रम छापलेला असतो. दुसरीतल्या मुलांना गृहपाठाने छळायचं नाही, असं त्यांच्या बाईंनी वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना बजावलं होतं. त्याऐवजी दर आठवड्याला एक उपक्रम, घरच्यांबरोबर करायचा आणि सोमवारी वर्गात सांगायचा. ऐकायला फार गोड. पण उपक्रम मुलांचा असला तरी उपद्व्याप आईचा असतो, हे बाईंना सांगायची कोणाची हिंमत नाही. एका आठवड्यात आम्ही घरातल्या यच्चयावत वस्तू विती लावून मोजल्या. एका आठवड्यात ओल्या फडक्यात बी ठेवून कोंब फुटायची वाट पाहिली आणि माझ्या नवऱ्याने ते फडकं आरसा पुसायला घेतलं. त्यावरून घरात जे रडणं झालं ते कोपऱ्यावरच्या न्हाव्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

कन्येला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली मी फक्त झोपेत पाहिली आहे.

आमचं काचेचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे आम्ही राहतो, आणि वरच्या खोलीत माझे मोठे दीर. त्यांना मी दादा म्हणते. नवराही दादाच म्हणतो, म्हणजे म्हणायचा. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा, तसबिरी, असं सगळं काम आम्ही करतो. दादा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मापं घेतात, नवरा काच कापतो, मी चौकटी ठोकते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते. गोड बोलण्याचं काम माझ्याकडे आलं ते आवडीने नाही. दोघा भावांना ते जमत नाही म्हणून आलं.

भिंगरी पहिलीत होती तेव्हा एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी काचेचं काम आमच्याकडे आलं. दादांनी चौकटीच्या आतल्या कडेपासून माप घेतलं. खाचेत जाणारा भाग कापणारा वाढवेल, असं त्यांनी धरलं. नवऱ्याने धरलं की दादांनी तो आधीच वाढवला आहे. चौघांनी उचलून नेलेली काच चौकटीला लावली तर ती बोटभर आखूड. मालक आणि नोकर बघत उभे, आणि त्या सगळ्यांसमोर दादा म्हणाले की, तुला अजून बरंच शिकायचंय. नवरा म्हणाला, मग यापुढे तूच काप. एवढंच झालं. तो शेवटचा संवाद.

पण काचेचं काम एकट्याने होत नाही. माणसाएवढी काच दोघांनी उचलायची तर थांब, उचल, वळ, पायरी आहे, हे बोलावंच लागतं. न बोलता करायला गेलं तर हात कापतो, नाहीतर काच जाते. माझ्या मनात आलं, आता दोन दिवसांत हे नाक मुठीत धरून बोलतील. कसलं काय. दुसऱ्या दिवशी दादांनी काचेवर बोटाने एकदा टक केलं आणि नवरा थांबला. दोनदा टकटक केलं आणि त्याने उचललं. आठवडाभरात त्यांची अख्खी भाषा तयार झाली. नखाने खर्र केलं की वळायचं, तळहाताने थोपटलं की खाली ठेवायचं. आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून आमच्याकडे एकही काच फुटली नाही. गिऱ्हाईक कौतुकाने बघायचं. काय जोडी आहे, म्हणायचं, न बोलता एकमेकांचं कळतं. मी मान डोलवायची आणि पावती फाडायची.

घरातही तेच. ताटावर दोघं समोरासमोर बसत, आणि काही हवं असलं की वाटीवर टक व्हायची. मी पहिल्या महिन्यात भांडले, दुसऱ्या महिन्यात रडले, मग सोडून दिलं. माणसाला कशाचीही सवय होते. घरातले आवाज ऐका आणि त्यांची चित्रं काढा, असा एक उपक्रम आला तेव्हा भिंगरीने काचेवर टकटक करणाऱ्या बोटाचं चित्र काढलं आणि खाली कुठली टक म्हणजे काय ते ओळीने लिहिलं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी वर्गात वाचून दाखवलं.

त्यानंतर काही दिवसांनी जोडीने करायचा उपक्रम आला. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीबरोबर मिळून जाड कागदाचं घर करायचं होतं. भिंगरीच्या शेजारी बसते ती खार. तिचे पुढचे दोन दात बघितले की नाव कोणी ठेवलं हे विचारावं लागत नाही. दोघी बालवाडीपासून एकमेकींच्या इतक्या गळ्यात की एकीला ताप आला तर दुसरीचं अंग कोमट लागतं. खार शनिवारी आमच्याकडे आली. मी त्यांना कात्री, डिंक आणि कागद दिले आणि आता घर डोक्यावर घेतील म्हणून मनाची तयारी केली. पण आतून चकार शब्द ऐकू येईना. मी दोनदा डोकावले. दोघी समोरासमोर बसून शहाण्यासारख्या काम करत होत्या. घरही छान उभं राहत होतं, खिडक्यांना उघडझाप होणारी दारं वगैरे. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून निवांत बसले.

चहा अर्धा झाला नसेल, तोच खार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, बोटांना डिंक.

"काकू, ती माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "नुसती टकटक करते."

मी भिंगरीला विचारलं, हा काय नवा खेळ. ती कागद कापत होती. तिने मान वर न करता सांगितलं की खेळ नाही, भांडण झालंय. दोरीवरच्या उड्यांत हिने माझी पाळी दुसऱ्या मुलीला दिली. म्हणून मी बोलत नाही, पण उपक्रम पुरा करायचाय, म्हणून टकटक. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात काम कसं चालतं हे ती मला समजावून देत होती.

"मग हे संपणार कधी?" मी विचारलं.

तेव्हा तिने कात्री खाली ठेवली आणि जरा विचार केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "काका आणि बाबांचं संपलं की मला कळेल ना, कसं संपवायचं ते."

इतके दिवस मी समजत होते की दोघा भावांचा अबोला आमच्या घरात एखाद्या जुन्या कपाटासारखा पडलेला आहे, अडचण आहे पण कोणाला लागत नाही. आणि ही पोर रोज त्याच्याशेजारी बसून शिकत होती. भांडण सुरू कसं करायचं हे तिला येत होतं. ते नीटनेटकं चालू कसं ठेवायचं हेही येत होतं. ते संपतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्रीपासून मी तिच्या मागे लागले. समजावलं, दटावलं, लालूच दाखवली. ती ऐकून घ्यायची आणि शाळेत जाऊन टकटक करायची. पेन्सिल हवी असली की बाकावर एक टक, खोडरबर हवं असलं की दोन. पुढच्या शुक्रवारी शाळेच्या फाटकाशी खारीची आई भेटली. ती डाक कचेरीत काम करते, मोजकं बोलते. तिने सांगितलं की पोर घरी येऊन रडते, मी बाईंशी बोलले आहे, सोमवारपासून तिची जागा बदलतील. राग मानू नका, असंही म्हणाली. मी कसला राग मानणार. दप्तर हातात घेऊन घराकडे निघाले तेव्हा भिंगरी माझ्या पुढे चालत होती. खार बाकावर नसणार हे तिला बाईंनी सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. पण ती चालत होती, उड्या मारत नव्हती.

घरी आल्यावर तिने चिठ्ठी दाखवली. या आठवड्यात घरातल्या मोठ्यांकडून आपल्याला येत नसलेली एक गोष्ट शिकायची होती. खाली मोठ्यांसाठी ठळक अक्षरांत सूचना होती: सांगू नका, करून दाखवा. मला हायसं वाटलं. बटण लावायला शिकवते म्हटलं, उपक्रमही होईल आणि घरातलं काहीतरी मार्गी लागेल. भिंगरी नाही म्हणाली आणि तडक दुकानात गेली. मी मागोमाग.

दोघं भाऊ कामाच्या टेबलाच्या दोन बाजूंना होते. टेबलावर जाड घोंगडं अंथरलेलं असतं, त्यावर एक आरसा आडवा ठेवला होता. नवऱ्याच्या हातात काच कापायची हिरकणी, दादांच्या हातात मापाची पट्टी. भिंगरी टेबलाच्या टोकाशी उभी राहिली आणि म्हणाली की मला भांडण संपवायला शिकायचंय.

हिरकणी थांबली. नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी मदत करणार नाही हे ओळखून घसा साफ केला. सॉरी म्हणायचं, त्याने सांगितलं. कोणी, तिने विचारलं. ज्याची चूक असेल त्याने. आणि दोघांनाही वाटत असेल की आपली चूक नाही, तर? नवऱ्याने हिरकणी या हातातून त्या हातात घेतली. तिने चिठ्ठी काढली, खालच्या ठळक ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवली, आणि भिंतीशी ठेवलेलं स्टूल ओढून त्यावर बसली.

"दाखवा," ती म्हणाली.

दादांनी पट्टी गुंडाळली, खिशात घातली आणि जिना चढून वर गेले. नवऱ्याने आरशावर हिरकणी फिरवायला घेतली. जन्मात वाकडी गेली नसेल ती रेघ वाकडी गेली.

शनिवार असाच गेला. भिंगरी मधून मधून स्टुलावर येऊन बसायची, दोघं एकत्र दिसले की आशेने बघायची, आणि दोघं एकमेकांना टाळायचे. मी नवऱ्याला धारेवर धरलं. तो म्हणाला की दादा मोठा आहे, मोठ्याने आधी बोलावं. मग मी वर गेले. दादा पलंगावर बसले होते. ते म्हणाले की मी मोठा आहे म्हणूनच, लहानाने आधी यावं. त्यावर माझा तोल गेला. मी दादांशी कधी वरच्या पट्टीत बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, तुमच्या दोघांत लहान कोण आणि मोठा कोण ते तुम्ही खुशाल ठरवत बसा, पण माझी पोर उद्या ज्याच्या घरी जाईल, ज्याच्याबरोबर काम करेल, त्याच्यासमोर बसून आयुष्यभर टकटक करत राहील, ते मला बघायचं नाही. दादांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी खाली आले आणि मला खूप भीती वाटली, कारण माझ्याजवळ आता बोलायला काही उरलं नव्हतं.

रविवारी दुकान बंद असतं. तरी सकाळपासून भिंगरी स्टुलावर. जेवायला दादा खाली आले नाहीत. नवरा दोन घास खाऊन उठला आणि अवजारं पुसायला दुकानात गेला. मी मागचं आवरत होते. दुपार कलली तेव्हा भिंगरी उठली, तिने स्टूल उचलून भिंतीशी होतं तिथे ठेवलं, आणि माझ्याकडे आली.

"आई, उद्या मी बाईंना सांगते," ती म्हणाली. "आमच्या घरी हे कोणालाच येत नाही."

रडत नव्हती, रुसली नव्हती. घरातलं दूध संपलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मग माझं लक्ष जिन्याकडे गेलं. दादा शेवटच्या पायरीवर उभे होते, हातात रिकामा कप. त्यांनी ऐकलं होतं. कुठल्याही आकाराची काच सांगा, गोल सांगा, कमानीची सांगा, नाही येत असं या माणसाच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. ते तसेच उभे राहिले. मग कप पायरीवर ठेवून दुकानात गेले. भिंगरी त्यांच्यामागे आणि मी तिच्यामागे.

नवरा टेबलापाशी पाठमोरा होता. दादा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. सवयीने त्यांचा हात उचलला गेला आणि बोट टेबलावर आपटलं, पण खाली घोंगडं होतं, आवाज काही झाला नाही. दादांनी हात मागे घेतला.

"ए," ते म्हणाले. नवऱ्याने वर पाहिलं.

"आता आपलं वय राहिलंय का रे भांडायचं?"

नवऱ्याच्या हातातलं फडकं पुसायचं थांबलं.

"चूक कोणाची ते जाऊ दे," दादा म्हणाले. "तुझ्याशी बोलल्याशिवाय मला जेवण जात नाही. वर्ष झालं."

नवऱ्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "मलाही नाही जात, दादा," तो म्हणाला.

मी दाराच्या चौकटीला टेकले. डोळ्यांना पदर लावायचं सुचलं नाही, कारण भिंगरी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली होती आणि तिचा चेहरा मोठा बघण्यासारखा झाला होता.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," दादा म्हणाले.

"मग इतके दिवस का लागले?"

दादांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने दादांकडे. शेवटी दादाच म्हणाले की पहिला शब्द जड असतो, लवकर उचलत नाही. भिंगरीला ते पटलं असावं. तिने मान हलवली आणि म्हणाली की आता परत एकदा दाखवा, मी नीट बघते. दोघा कर्त्या पुरुषांना तिने ते सगळं पुन्हा करायला लावलं. दादांनी पुन्हा ए म्हटलं, पुन्हा वयाचं विचारलं. दुसऱ्या वेळी जेवणाच्या वाक्याला आल्यावर नवऱ्याला हसू फुटलं, मग दादांना, आणि हसता हसता दोघांनी तोंडं फिरवून नाकं पुसली. भिंगरी ओठ हलवत पाठ करत होती. झालं, येतंय, असं म्हणून तिने चपला घातल्या.

खारीचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी तिला एकटीला सोडणार नव्हतेच, पण खारीच्या फाटकाशी पोचून मागे पाहिलं तर हे दोघंही आलेले. घरात कोंडल्यासारखं होतंय म्हणाले. भिंगरी पुढे गेली, तिने दार वाजवलं. खारीच्या आईने उघडलं, आम्हा तिघांना फाटकाशी बघून जरा गोंधळली आणि आत हाक मारली. खार आली, पण आईच्या मागेच उभी राहिली. भिंगरीने हात मागे बांधले, वर्गात उभी राहते तशी.

"ए," ती म्हणाली. "आता आपलं वय राहिलंय का भांडायचं?"

खारीच्या आईने ओठ घट्ट मिटले. दादा माझ्याशेजारी फाटक धरून पुढे वाकले.

"चूक कोणाची ते जाऊ दे. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला जेवण जात नाही. वर्ष झालं."

खारीने हे सगळं ऐकून घेतलं. सात वर्षांच्या मुलीने वयाचा विचार करावा तसा तिने तो केला.

"नाही राहिलं," ती म्हणाली. मग आईच्या मागून पुढे आली. "पण मला घरचं जेवण जातं. फक्त शाळेतला डबा जात नाही."

या उत्तराची तयारी भिंगरीला कोणी करून दिली नव्हती. काका आणि बाबांनी दाखवलेलं तिथेच संपलं होतं. तिने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. मग तिने हात सोडले, खारीच्या जवळ गेली आणि एकदम रडायला लागली, आणि रडता रडता जे बोलत सुटली ते काही थांबेना.